थ्री-नॉट-थ्री पुन्हा वापरात आणताना: जुन्या ली-एनफिल्ड शिकारी रायफलीची दुरुस्ती आणि तिची काडतुसं

महाराष्ट्रात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटलं की चौकीबाहेरच्या पोलिसाच्या खांद्यावरची जड, लांब रायफल डोळ्यांपुढे येते. कॅनडात हीच ली-एनफिल्ड हरणाच्या आणि मूसच्या, म्हणजे तिथल्या अजस्र हरणाच्या, शिकारीची जुनी सोबतीण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या रायफली तिथे स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी पुढचं लाकूड आखूड केलं, नळीवरचं लाकडी आवरण काढून टाकलं, वजन उतरवलं आणि त्या रानात नेल्या. टोरोंटोच्या पश्चिमेला लाँग ब्रांच इथल्या एकाच कारखान्यात १९४१ पासून नंबर ४ जातीच्या नऊ लाखांहून जास्त रायफली तयार झाल्या. तिथल्या जुन्या घरांच्या तळघरांतून त्या आजही बाहेर येतात, बहुतेक वेळा गंजलेल्या आणि वार्निश फासलेल्या.

हा लेख कॅनडात बंदुकीचा पीएएल परवाना रीतसर काढलेल्या आणि अशी एखादी रायफल हाती आलेल्या नवख्या माणसासाठी आहे. भारतात .३०३ हे प्रतिबंधित बोअर आहे, काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो आणि वन्यजीवांच्या शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा यातलं काही इथे करून बघू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी रुंद रिम असते आणि काडतूस चेंबरमध्ये त्या रिमवर अडतं. रिमची जाडी आणि बोल्टच्या तोंडापासून नळीच्या बुडापर्यंतचं अंतर यांतला फरक म्हणजे पहिली फट. दुसरी फट पुढे, पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, खांद्यापाशी असते. चिखलाने माखलेलं काडतूससुद्धा आत गेलं पाहिजे म्हणून लष्करी चेंबर मुद्दाम सैल कापलेले असत. रायफल सुरक्षित आहे की नाही हे पहिल्या फटीवर ठरतं आणि पुंगळ्या किती दिवस टिकतील हे दुसरीवर. म्हणून आधी मोजा, पॉलिश पेपर नंतर हातात घ्या.

विकत घेण्याआधी

कुठलीही रायफल हातात आली की मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. मग शिक्के वाचा. धातूवर किंवा दस्त्यावर ‘डीपी’ ही अक्षरं दिसली तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली रायफल आहे. ती झाडायची नाही, कितीही चकचकीत असली तरी. ‘ईवाय’ शिक्का असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली किंवा अडीअडचणीपुरती राखलेली रायफल असते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बनलेल्या ‘२ए’ आणि ‘२ए१’ रायफली दिसायला बहिणीसारख्या असल्या तरी त्या ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाच्या आहेत. त्यांना या लेखातलं एकही माप लावू नका.

बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक आणि रायफलीच्या बॉडीवरचा क्रमांक एकच हवा. ली-एनफिल्डचे दोन्ही लग, म्हणजे बोल्टला बॉडीत अडवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या भागात असतात आणि कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्या त्या बॉडीशी घासून जुळवलेला असे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर कित्येकदा एकच लग टेकतो आणि सगळा धक्का एका बाजूवर येतो. तपासायची रीत सोपी आहे. लगांच्या मागच्या पृष्ठभागांवर दिव्याची काजळी पातळ लावा, बोल्ट दहा-बारा वेळा मागे ताण देत उघडा आणि मिटा, मग काढून बघा. काजळी दोन्हीकडे पुसली गेली पाहिजे. एकाच बाजूला पुसली असेल तर रायफल बंदूकदुरुस्ताकडे गेली पाहिजे.

नंबर ४ च्या ‘मार्क १ स्टार’ या प्रकारात, म्हणजे लाँग ब्रांच आणि अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या बहुतेक रायफलींत, बोल्टचं डोकं बाहेर काढायला उजव्या रुळात एक खाच आहे. त्या खाचेचा कोपरा झिजला किंवा तुटला की बोल्ट भरभर ओढताना डोकं रुळातून उडी मारतं. विकत घेताना ही खाच टॉर्च लावून बघाच. इथली तूट भरून काढणं सोपं नाही.

ट्रिगरची परीक्षा रिकाम्या रायफलीवर करा. बोल्ट मिटून सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना घोडा पडला तर सेफ्टी झिजली आहे. सेफ्टी न लावता बोल्ट जोराने मिटल्यावर घोडा आपोआप पडत असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे.

उघडताना

अवजारं मोजकीच लागतात, पण नेमकी लागतात. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारी, समांतर धारेची पाती असलेले तीन-चार स्क्रू ड्रायव्हर घ्या. घरातल्या निमुळत्या पातीच्या स्क्रू ड्रायव्हरने खाच सोलली जाते आणि तो स्क्रू बाजारात सहज मिळत नाही. त्याच्या जोडीला पितळी पंच, नायलॉनची हातोडी, एक लांब जाड पातीचा स्क्रू ड्रायव्हर, ०.००१ इंच दाखवणारा मायक्रोमीटर आणि कॅलिपर. जाम स्क्रूवर भेदक तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा.

बोल्ट काढायची पद्धत प्रकारागणिक वेगळी. नंबर १ मध्ये, म्हणजे नंबर ४ च्या आधीच्या जुन्या जातीत, बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वर उचलायचं. नंबर ४ मार्क १ मध्ये उजवीकडची कळ दाबून धरायची. मार्क १ स्टारमध्ये डोकं त्या खाचेसमोर आणून वर फिरवायचं. त्यानंतर मॅगझीन, पट्टे असतील तर ते, ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू, मग मागचा, मग गार्ड. पुढचं लाकूड सगळ्यात शेवटी काढायचं. नळी धरून लाकूड खाली ओढू नका. मागच्या टोकाशी दोन्ही बाजूंना हातोडीने हलक्या टिचक्या देत सरळ खाली उतरवा. मागच्या आतल्या कोपऱ्यांतले दोन छोटे लाकडी खांदे बॉडीचा सगळा धक्का झेलतात आणि तेच तिरक्या ओढीने तुटतात.

एक चूक फार महाग पडते. नंबर १ मध्ये दस्त्याच्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना दस्ता सोडवायला तो बोल्ट फिरवला की लाकूड उभं चिरतं. त्यामुळे कोणताही प्रकार असो, आधी पुढचं लाकूड, मग दस्ता, हीच सवय लावा. दस्त्याच्या भोकात बोल्टच्या डोक्यावर चामड्याचा किंवा फेल्टचा बोळा बसवलेला असतो. तो आकड्याने बाहेर काढल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर घातला तर पाती खाचेत बसतच नाही.

नळी

लष्करी नळ्यांना गंजवणारा खरा शत्रू म्हणजे जुन्या प्राइमरमधलं, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीतलं, पोटॅशियम क्लोरेट. ते जळून मागे क्षार राहतो, आपल्या मिठासारखाच, आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुनी लष्करी काडतुसं झाडली असतील तर सॉल्व्हंटच्या आधी नळीतून उकळतं पाणी सोडायचं. गरम नळी लगेच सुकते, मग तेलाची चिंधी फिरवायची.

सफाई नेहमी चेंबरच्या बाजूने करा. बोल्ट काढला की गज मागून सरळ आत जातो. तोंडाकडून गज घातला तर तो नळीच्या तोंडाच्या कडेवर घासतो आणि नेम बिघडवणारी पहिली झीज तिथेच होते. ब्रश ओला करून दहा फेऱ्या, पंधरा मिनिटं थांबा, मग चिंध्या. चिंधीवर निळा-हिरवा रंग उतरला तर तांबं निघतं आहे. काळा रंग म्हणजे कार्बन. चाळीस-पन्नास वर्षांचा थर एका बैठकीत निघत नाही. तीन-चार दिवस रोज एकदा करा, दरवेळी चेंबर कोरडा करूनच थांबा. नळी आतून काळवंडलेली आणि बारीक खड्ड्यांची असली तरी धीर सोडू नका. आट्यांच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या, कडा शाबूत असतील तर अशा नळ्या मोठ्या जनावराच्या शिकारीपुरता नेम राखतात. तोंडाकडची झीज जास्त नडते.

नळीचं खरं माप काढल्याशिवाय गोळी विकत घेऊ नका. नाव .३०३ असलं तरी आट्यांच्या तळाशी व्यास ०.३११ पासून ०.३१६ इंचापर्यंत काहीही सापडतो. मऊ शुद्ध शिशाची गोळी तेल लावून लाकडी दांडीने नळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोकत न्या आणि बाहेर आलेल्या तुकड्याचा व्यास मोजा. युद्धकाळातल्या बऱ्याच नंबर ४ नळ्यांना दोनच आट्या आहेत, त्या समोरासमोर असल्यामुळे मोजणं सोपं जातं. पाच आट्यांच्या नळीत समोरासमोर आट्या येत नाहीत आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. यावर युक्ती अशी: ०.००२ इंच जाडीची पितळी पट्टी तुकड्याभोवती एकदा गुंडाळा, मोजा, आलेल्या मापातून ०.००४ वजा करा. शिसं हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

मग हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून नळीच्या बुडापर्यंतचं ते अंतर, ज्यावर पहिली फट ठरते. यासाठी .३०३ चे गेज विकत घ्या किंवा बंदूकदुरुस्ताकडून तपासून घ्या. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, काढा. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बोटांच्या ताकदीने मिटला पाहिजे. ०.०७४ च्या गेजवर मिटता कामा नये. मिटला तर ती रायफल झाडायची नाही. इथे जोर लावू नका. मूठ लांब तरफेसारखी काम करते आणि गेजच चेपतं. नंबर ४ ची मोठी सोय म्हणजे बोल्टची सुटी डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची मिळतात आणि प्रत्येक पुढचं डोकं साधारण ०.००३ इंच लांब असतं. क्रमांकावर मात्र भरवसा ठेवू नका. झिजलेलं २ नंबरचं डोकं नव्या १ नंबरपेक्षा आखूड असू शकतं, म्हणून मायक्रोमीटरने मोजूनच घ्या. नवं डोकं आटून बसवल्यावर ते बोल्टच्या कण्याच्या रेषेत यायला हवं, थोडं पुढे फिरलं तर चालतं. वीस अंशांपेक्षा जास्त फिरत असेल तर ते डोकं त्या बोल्टसाठी नाही. फायरिंग पिनचं टोक बोल्टच्या तोंडातून ०.०४० ते ०.०५० इंच बाहेर आलं पाहिजे, याहून कमी आलं तर काडतूस दगा देतं.

गंज

बाहेरचा तांबडा गंज काढायला सर्वात बारीक, चार शून्यांची स्टील वूल आणि पातळ तेल पुरे. ताकद लावू नका, तेलच काम करतं. सुट्या भागांवर तांबडा गंज दाट असेल तर ते ग्रीसमुक्त करून डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा. तांबडं ऑक्साईड काळ्या, घट्ट ऑक्साईडमध्ये बदलतं आणि वरची काळी पूड कोरड्या स्टील वूलने पुसली की जुन्या रंगाशी जुळणारा पृष्ठभाग उरतो. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. ड्रिलला लावलेल्या वायर ब्रशने किंवा बफिंग चाकाने शिक्के आणि कडा गोल होतात आणि रायफलीचा इतिहास पुसला जातो. ते करू नका.

लाकूड

दस्ता बहुधा अक्रोडाचा, नाहीतर बीच किंवा बर्चचा असतो. शिकारी रूपात त्यावर चकचकीत वार्निश हमखास चढवलेलं असतं. ते पेंट रिमूव्हरने उतरवा, लाकडी सुरीने खरवडा. पॉलिश पेपर टाळा, कारण लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेलं की ते परत वर येत नाही. लष्करी शिक्केही जातात.

वर्षानुवर्षं ग्रीस प्यालेलं लाकूड काळं आणि मऊ झालेलं असतं. खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून दाट लेप लावा आणि उन्हात ठेवा. लेप तेल शोषून तपकिरी होतो. तीन-चार वेळा करावं लागतं. अॅसिटोनचं काम उघड्यावर आणि आगीपासून लांब करा. खोक पडलेल्या जागी ओलं सुती फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तिथे मात्र वाफ चालत नाही.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. लष्करात कच्चं तेल वापरत, ते सुकायला आठवडे लागतात. उकळलेलं तेल एका दिवसात सुकतं, म्हणून नवख्यासाठी तेच बरं. अगदी पातळ थर हाताने चोळून लावा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाच-सहा हात पुरेत. जाड थर सोडलात तर तो चिकटच राहतो. तेल लावलेली फडकी चुरगाळून डब्यात कधीच टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

लाकूड आणि धातू यांचं जुळणं नेमाच्या दृष्टीने नळीइतकंच महत्त्वाचं आहे. धक्का झेलणाऱ्या त्या दोन खांद्यांना काजळी लावून रायफल जोडा आणि उघडा. दोन्हीकडे सारखा काळा ठसा उठला पाहिजे. एका बाजूला फट असेल तर तिथे अक्रोडाची पातळ चकती इपॉक्सीने चिकटवून पटाशीने हळूहळू जुळवा. शिकारीसाठी आखूड केलेल्या लाकडाला लष्करी रायफलीसारखा टोकाशी आधार उरत नाही. अशा वेळी बॉडीपुढचा नळीचा जाड, सपाट बाजूंचा भाग लाकडात नीट टेकवा आणि तिथून पुढे नळी पूर्ण मोकळी ठेवा. पोस्टकार्ड सबंध लांबीभर न अडखळता सरकलं पाहिजे. पुढच्या स्क्रूभोवती धातूचं कॉलर असतं, ते हरवलेलं असेल तर नवं घाला. नाहीतर स्क्रू आवळताना लाकूडच चेपलं जातं आणि रायफल प्रत्येक पावसाळ्यात वेगळ्या जागी मारते.

नंबर ४ मार्क १ मध्ये ट्रिगर गार्डला टांगलेला असतो, त्यामुळे लाकूड फुगलं-आटलं की ट्रिगरचा ओढाही बदलतो. १९४९ च्या मार्क २ मध्ये तो बॉडीला टांगला गेला. लाकूड जुळवून झालं की वरची ट्रिगरची परीक्षा पुन्हा घ्या. ज्या रायफलीचं लष्करी लाकूड अजून शाबूत आहे ती कापून शिकारी करू नका. शिकारी केलेल्या रायफली भरपूर मिळतात, शाबूत मात्र वरचेवर कमी होत आहेत.

काडतुसं भरण्याआधी

पहिल्या गोळ्या कारखान्यातल्या ताज्या काडतुसांच्या झाडा आणि प्रत्येक पुंगळी नीट बघा. बुडापासून साधारण एक सेंटीमीटर वर चमकदार वळ दिसला तर धातू तिथे ताणला गेला आहे. काय घडतं ते बघा. रिम ०.०६० इंचाची आणि हेडस्पेस ०.०७२ असेल तर पिन काडतुसाला पुढे ढकलते आणि मागे ०.०१२ इंच फट राहते. दाब चढला की पुंगळीच्या पातळ भिंती चेंबरला चिकटतात, जाड बूड मात्र मागे बोल्टकडे सरकतं. ताण दोन्हींच्या सांध्यावर येतो. प्रत्येक झाडणीला असं होत राहिलं की एके दिवशी बूड तुटून येतं आणि पुढचा भाग चेंबरमध्येच अडकतो. शिकारीत ही वेळ येऊ नये यासाठीच घरी काडतुसं भरायची. पैसे वाचतात, पण ते दुय्यम.

जुन्या लष्करी पुंगळ्या वापरू नका. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली ‘के एफ’ शिक्क्याची .३०३ काडतुसं उत्तर अमेरिकेत अजून दिसतात. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काडतुसांना बर्डन जातीचा प्राइमर असतो, तो साध्या डायने, म्हणजे पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याने, निघत नाही. शिक्क्यात ‘झेड’ अक्षर असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे, पण म्हणून प्राइमर गंज न आणणारा असेलच असं नाही. साध्या डायने निघणाऱ्या बॉक्सर प्राइमरच्या नव्या पुंगळ्या विकत घ्या, एका रायफलीसाठी पन्नासचा एक संच पुरे, आणि तो संच त्याच रायफलीला बांधून ठेवा.

गोळी ०.३११ किंवा ०.३१२ इंच व्यासाची घ्या. .३०८ ची गोळी आत जाईल, पण आट्या तिला धरणार नाहीत. चेंबरपुढचा घसा झिजलेल्या नळीत सपाट बुडाच्या गोळ्या निमुळत्या बुडाच्या गोळ्यांपेक्षा बऱ्या चालतात. लष्कराचं जुनं प्रमाण १७४ ग्रेनच्या गोळीचं होतं, मूससाठी १८० ग्रेनची मऊ टोकाची गोळी घेतात आणि हरणासाठी १५०.

पद्धत

नव्या पुंगळीला पहिल्या झाडणीत चेंबरचा आकार द्यायचा असतो. बुडाचा व्यास साधारण ११.७ मिलिमीटर आहे. तिथे रिमच्या पुढे घट्ट बसणारं पातळ रबरी ओ-रिंग चढवा. बोल्ट मिटताना रिंग दाबलं जातं आणि पुंगळीचं बूड बोल्टच्या तोंडाला टेकवून ठेवतं. मग ताण मागे येण्याऐवजी खांदा पुढे फुगतो. ही पहिली झाडणी हलक्या भाराची असावी. नेमबाजी मैदानावर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालून हे करा.

इथून पुढे सबंध पुंगळी डायमध्ये दाबायची नाही, फक्त मान आवळायची. पूर्ण दाबणाऱ्या डायने खांदा दरवेळी मागे ढकलला जातो आणि पुंगळ्या तीन-चार झाडण्यांतच तुटायला लागतात. मान आवळलेल्या पुंगळ्या त्याच चेंबरमध्ये कित्येक पट टिकतात. काही झाडण्यांनंतर बोल्ट मिटताना जड जाऊ लागला तरच पूर्ण डाय थोडी उघडून लावा, खांदा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जाईल इतपत. डायमध्ये पुंगळी घालण्याआधी बाहेरून पातळ वंगण लावा. कमी लावलं तर पुंगळी अडकते. जास्त लावलं तर खांद्यावर खळगा पडतो. नंतर वंगण पूर्ण पुसा. तेलकट पुंगळी चेंबरला चिकटत नाही आणि बोल्टवरचा धक्का वाढतो.

दरवेळी भरण्याआधी टोक नव्वद अंशांत वाकवलेली बारीक तार पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढा. तार अडकल्यासारखी वाटली तर आत चर पडला आहे. ती पुंगळी पक्कडने चेपून टाका, म्हणजे चुकून परत येणार नाही. पुंगळीची कमाल लांबी २.२२२ इंच आहे, ती गाठली की २.२१२ वर कापा आणि तोंडाची आतली-बाहेरची कड मारा. लांब मान चेंबरच्या टोकाला अडून गोळीला चिमटते आणि दाब एकदम चढतो.

प्राइमर मोठ्या रायफलीचा, बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, ०.००३ ते ०.००५ इंच. प्रत्येकावरून बोट फिरवा. वर आलेला जाणवला तर काडतूस बाजूला.

दारूचं वजन या लेखात मुद्दाम दिलेलं नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं, तुमच्या गोळीच्या वजनासाठी आणि त्याच नावाच्या दारूसाठी. .३०३ ला मध्यम वेगाने जळणाऱ्या दारू सोसतात. तक्त्यातल्या किमान भारापासून सुरुवात करा, ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्यांनी चढा, कमालपर्यंत जायची घाई नको. अमेरिकी प्रमाणात या काडतुसाची दाबमर्यादा ४९,००० पीएसआय आहे. मागच्या बाजूला लॉक होणारी ही बॉडी लवचिक असते, त्यामुळे जास्त दाबाची खूण इथे उशिरा दिसते. चपटा प्राइमर आणि जड बोल्ट दिसला म्हणजे तुम्ही आधीच मर्यादेपलीकडे गेलेले असता.

भारतात ग्रॅमवर वाढलेल्या माणसाने एक गोष्ट पक्की करावी: तक्ते ग्रेनमध्ये असतात आणि एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. इलेक्ट्रॉनिक काटा नेमका कुठल्या एककावर आहे ते दरवेळी बघा आणि काम सुरू करण्याआधी ठरावीक वजनाने तपासा. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवा. पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की ठोकळ्यात उभ्या ठेवून टॉर्चने सगळ्यांत डोकावा. मध्यम दारू पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, त्यामुळे दुहेरी भार सांडतो किंवा ताबडतोब दिसतो. रिकामी राहिलेली पुंगळी अधिक धोक्याची. नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढची तिच्यावर आदळते. झाडताना आवाज दबका आला तर तिथेच थांबा आणि बोल्ट काढून नळी बघा.

गोळी बसवल्यावर पूर्ण काडतुसाची लांबी ३.०७५ इंचांपेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर मॅगझीनमध्ये अडकेल. प्रत्येक डब्यावर गोळी, दारूचं नाव आणि वजन, प्राइमर, पुंगळीची कितवी झाडणी आणि तारीख लिहा. कामभर डोळ्यांना चष्मा असावा.

मैदानावर आणि रानात

प्रत्येक भाराच्या तीन-तीन गोळ्या शंभर यार्डांवर झाडा, नळी मध्ये थंड होऊ द्या. उंची जुळत नसेल तर दारू वाढवून जुळवू नका, पुढची माशी बदला. नंबर ४ च्या माशा ०.०१५ इंचाच्या टप्प्यांत मिळतात आणि पूर्ण लांबीच्या नळीवर एक टप्पा शंभर यार्डांवर सुमारे दोन इंचांचा फरक पाडतो. गोळी खाली लागत असेल तर बुटकी माशी लावा, वर लागत असेल तर उंच.

मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. उलटी झाली तर दोन रिम एकमेकींत अडकतात आणि बोल्ट काडतूस ढकलूच शकत नाही. भरून झाल्यावर अंगठ्याने वरचं काडतूस हलवून खात्री करा. मऊ टोकाची गोळीच न्या. मोठ्या जनावरासाठी कोणतं काडतूस चालतं याचे नियम प्रत्येक प्रांताचे वेगळे असतात, हंगामाआधी ते वाचा.

कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर बोल्ट सोडवून आतलं तेल आणि ग्रीस पूर्ण धुऊन काढा. उणे वीसला तेल घट्ट होतं, पिन हळू पडते आणि प्राइमर पेटत नाही. संध्याकाळी परत आल्यावर रायफल लगेच गरम घरात उघडू नका. गाडीतून आणताना बंद पिशवीतच ठेवा आणि दोन-तीन तासांनी, पिशवी आतून-बाहेरून खोलीच्या तापमानाला आल्यावर काढा. थंड धातूवर गरम हवेतलं पाणी दवासारखं जमतं, लाकडाखाली आणि बोल्टच्या आत जिथे हात पोचत नाही तिथे. मग पुसा, नळीतून एक तेलाची चिंधी फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा कोरडी चिंधी फिरवून बघा. तिच्यावर तांबडं काही दिसलं तर पुढचं लाकूड उतरवून खालची बाजूही पुसायची.